वाऱ्यामुळे वेळ बदलते तेव्हा विमानाचा वेग कसा काढायचा?

दहावीच्या बीजगणितात नाव आणि प्रवाहाची गणितं येतात. स्पर्धा परीक्षेत तीच गणितं विमान आणि वारा होऊन परत भेटतात. वारा पाठीशी असेल तर मिळवा, समोरून असेल तर वजा करा, हे सगळ्यांना पाठ असतं. तरी उत्तर चुकतं. आणि चुकलेलं उत्तर इतकं पटण्यासारखं दिसतं की चूक झाल्याचं लक्षातच येत नाही. ७७० च्या जागी ७६४ आलं तर कोणाला शंका येणार?

बहुतेक चुकांचं मूळ एकच आहे. वारा वेगात मिळतो किंवा वेगातून वजा होतो, वेळेत नाही. त्यामुळे जाताना वाचलेली मिनिटं आणि येताना जास्त गेलेली मिनिटं यांची सरासरी काढून विमानाचा खरा वेग कधीच मिळत नाही. वेळेवरून आधी वेग काढायचा, वाऱ्याचा हिशेब वेगावर करायचा आणि गरज असेल तरच पुन्हा वेळेकडे वळायचं. खालच्या पायऱ्या याच क्रमाने दिल्या आहेत.

## तयारी: तीन वेग वेगवेगळे लिहा

समीकरणाला हात लावण्याआधी कागदावर या ओळी मांडा:

क्ष = विमानाचा शांत हवेतला वेग
य = वाऱ्याचा वेग
क्ष + य = वारा पाठीशी असताना जमिनीवरून मोजलेला वेग
क्ष − य = वारा समोरून असताना जमिनीवरून मोजलेला वेग

नुसतं ‘विमानाचा वेग’ असं लिहून ठेवलंत तर चार ओळींनंतर तो कुठला वेग होता हे तुम्हालाच आठवणार नाही. इंजिन विमानाला हवेतून पुढे नेतं, आणि ती हवा स्वतःच सरकत असते. दोन शहरांमधलं अंतर मात्र जमिनीवर मोजलेलं असतं. म्हणून अंतराला वेळेने भागलं की मिळतो तो जमिनीवरचा वेग. वारा अगदी शून्य असेल तेव्हाच तो क्ष इतका असतो.

एककंही इथेच सारखी करून घ्या. वाऱ्याचा वेग पुष्कळदा नॉटमध्ये दिलेला असतो आणि विमानाचा ताशी किलोमीटरमध्ये. १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, म्हणजे ४० नॉटचा वारा ताशी सुमारे ७४ किलोमीटरचा झाला. ४० तसाच क्ष मध्ये मिळवला तर पुढचं सगळं गणित बिनचूक करूनही उत्तर चुकणार.

## पायरी १: वारा कुठून येतो ते पाहा

वाऱ्याचं नाव तो जिथून येतो त्या दिशेवरून पडतं. नैऋत्य मोसमी वारे नैऋत्येकडून येतात. तसाच पश्चिमी वारा पश्चिमेकडून येतो आणि पूर्वेकडे जातो. विमानतळाच्या हवामान अहवालातही हीच रीत आहे. ‘२७० अंश, १५ नॉट’ असं लिहिलं असेल तर वारा पश्चिमेकडून येतोय असं समजायचं.

मुंबईहून कोलकात्याला जाणारं विमान साधारण पूर्वेकडे जातं, म्हणजे पश्चिमी वारा त्याच्या पाठीशी. पण गणितात ‘पूर्वेकडे वाहणारा वारा’ असं लिहिलं असेल तर ती तो जातोय ती दिशा. ‘पूर्वेकडून’ आणि ‘पूर्वेकडे’ यांत एका अक्षराचा फरक आहे आणि तेवढ्याने उत्तराचं चिन्ह उलटतं. कागदावर एक बाण विमानाचा आणि एक वाऱ्याचा काढा. पाच सेकंदांचं काम आहे, टाळू नका.

पडताळा: अंतर तेच असेल तर कमी वेळ लागलेली बाजू पाठच्या वाऱ्याची. तुमचे बाण उलटं सांगत असतील तर बाण पुन्हा काढा.

## पायरी २: मिनिटांना ६० ने भागा

सर्वांत जास्त गुण इथे जातात. २ तास २४ मिनिटं म्हणजे २.२४ तास नव्हेत. २४ ÷ ६० = ०.४, म्हणून ते २.४ तास आहेत. तशीच ६ मिनिटं म्हणजे ०.१ तास, १५ मिनिटं म्हणजे ०.२५, ४५ मिनिटं म्हणजे ०.७५.

२० आणि ४० मिनिटांना दशांशात नेऊच नका, अपूर्णांकच ठेवा. १ तास २० मिनिटं म्हणजे ४/३ तास. १,२०० किलोमीटरला ४/३ ने भागलं तर नेमके ९०० येतात. १.३३ ने भागलं तर ९०२ च्या थोडं वर येतं, आणि मग पुढे वर्गसमीकरणाचे अवयवच पडत नाहीत. आपण रीत चुकलो असं वाटून विद्यार्थी सगळं खोडतो, आणि चुकलेला असतो तो फक्त एक दशांश.

## पायरी ३: छोटं कोष्टक करा

दोन ओळी, तीन रकाने: अंतर, जमिनीवरचा वेग, वेळ. पहिली ओळ पाठच्या वाऱ्याची, दुसरी समोरच्या वाऱ्याची. गणितात दिलेले आकडे भरा, उरलेल्या रकान्यांत क्ष आणि य वापरा. दोन वेळा दिल्या आहेत, एकूण वेळ दिली आहे, की वेळेतला फरक दिला आहे, हे कोष्टकावरून लगेच दिसतं. पुढची वाट त्यावरून ठरते.

## पायरी ४: दोन्ही वेळा माहीत असतील तर

हा सर्वांत सोपा प्रकार आहे आणि तरीही सगळ्यांत जास्त चुकतो. मुंबई ते कोलकाता हवाई अंतर सुमारे १,६५० किलोमीटर आहे, हिशेबासाठी १,६८० धरू. समजा जाताना वारा पाठीशी होता आणि २ तास लागले. येताना तोच वारा समोरून आला आणि २ तास २४ मिनिटं लागली.

आधी जमिनीवरचे दोन वेग काढा:

क्ष + य = १,६८० ÷ २ = ८४०
क्ष − य = १,६८० ÷ २.४ = ७००

दोन्ही समीकरणांची बेरीज केली की २क्ष = १,५४०, म्हणून क्ष = ७७०. वजाबाकी केली की २य = १४०, म्हणून य = ७०. विमानाचा शांत हवेतला वेग ताशी ७७० किलोमीटर, वाऱ्याचा ७०.

आता हेच गणित चुकतं कसं ते पाहू.

२.४ च्या जागी २.२४ लिहिलं तर परतीचा वेग ७५० येतो आणि क्ष = ७९५, य = ४५. दोन्ही आकडे विमानाला आणि वाऱ्याला शोभणारे आहेत, काहीही खटकत नाही. म्हणून पडताळा घेतल्याशिवाय ही चूक सापडत नाही.

दुसरी चूक म्हणजे वेळेची सरासरी. २ आणि २.४ यांची सरासरी २.२ तास, आणि १,६८० ÷ २.२ = ७६३.६. हा संपूर्ण फेरीचा सरासरी वेग आहे, क्ष नाही. क्ष हवा असेल तर ८४० आणि ७०० या वेगांची सरासरी काढायची.

या दोन सरासऱ्या वेगळ्या का येतात? कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ उडत असतं. जितका वेळ वाऱ्याने मदत केली त्यापेक्षा जास्त वेळ त्याने अडवलं. वारा अजिबात नसता तर ७७० च्या वेगाने एका बाजूला २ तास १० मिनिटं ५५ सेकंद लागले असते आणि फेरी ४ तास २१ मिनिटं ४९ सेकंदांत झाली असती. प्रत्यक्षात लागली ४ तास २४ मिनिटं. ‘जाताना मिळालं, येताना गेलं, हिशेब बरोबर’ असं म्हणणाऱ्याला ही सव्वादोन मिनिटं दाखवा.

पडताळा: मिळालेले क्ष आणि य पुन्हा कोष्टकात घाला. १,६८० ÷ (७७० + ७०) = २ आणि १,६८० ÷ (७७० − ७०) = २.४ तास, म्हणजे २ तास २४ मिनिटं. दोन्ही जुळल्याशिवाय उत्तराखाली रेघ मारू नका.

## पायरी ५: वारा आणि एकूण वेळ दिली असेल तर

इथे वर्गसमीकरण येतं. समजा अंतर १,२०० किलोमीटर, वाऱ्याचा वेग १०० आणि जाऊन-येऊन विमान हवेत एकूण ५ तास होतं. क्ष काढायचा आहे.

१,२०० ÷ (क्ष + १००) + १,२०० ÷ (क्ष − १००) = ५

दोन्ही बाजूंना (क्ष + १००)(क्ष − १००) ने गुणा. उजव्या बाजूच्या ५ लाही गुणायचं आहे, घाईत तेच राहून जातं. डावीकडे + १०० आणि − १०० एकमेकांना छेदतात आणि उरतं:

२,४००क्ष = ५(क्ष² − १०,०००)

५ ने भागून सगळं एका बाजूला आणा:

क्ष² − ४८०क्ष − १०,००० = ०
(क्ष − ५००)(क्ष + २०) = ०

क्ष = ५०० किंवा −२०. ऋण वेगाला इथे अर्थ नाही, म्हणून ताशी ५०० किलोमीटर. लहान शहरांना जाणाऱ्या पंख्याच्या विमानांचा वेग साधारण एवढाच असतो, त्यामुळे उत्तर पटतंही.

आता त्या ४८० कडे जरा थांबून बघा. संपूर्ण फेरीचा सरासरी वेग २,४०० ÷ ५ = ४८० आहे, आणि समीकरणाच्या मधल्या पदातही ४८० च आहे. हा योगायोग नाही. या प्रकारच्या प्रत्येक गणितात दोन मुळांची बेरीज फेरीच्या सरासरी वेगाइतकी येते आणि गुणाकार वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाइतका, पण ऋण. एक मूळ नेहमी ऋण असणार, म्हणून खरा क्ष नेहमी सरासरी वेगापेक्षा मोठाच असणार. ४८० हेच उत्तर म्हणून लिहिणारे पुष्कळ असतात. नेमकं तेच उत्तर वारा असताना कधीच बरोबर असू शकत नाही.

अवयव पडत नसतील तर थेट सूत्र वापरा. एका बाजूच्या अंतराला एकूण वेळेने भागा, त्याला म म्हणा. मग

क्ष = म + √(म² + य²)

वरच्या गणितात म = १,२०० ÷ ५ = २४०. २४०² + १००² = ६७,६००, त्याचं वर्गमूळ २६०. २४० + २६० = ५००.

सावधान: म काढताना अंतर एकाच बाजूचं घ्यायचं आणि वेळ दोन्ही बाजूंची. हे एकदाच लक्षात ठेवलं की सूत्र दगा देत नाही.

## पायरी ६: वेळेतला फरक दिला असेल तर

‘येताना जाण्यापेक्षा १ तास जास्त लागला’ असं वाक्य असेल तर बेरजेऐवजी वजाबाकी मांडा. मोठी वेळ आधी, म्हणजे समोरच्या वाऱ्याची:

१,२०० ÷ (क्ष − १००) − १,२०० ÷ (क्ष + १००) = १

सोडवलं की क्ष चं साधं पद उडून जातं आणि उरतं: क्ष² = १०,००० + २,४०,००० = २,५०,०००, म्हणून क्ष = ५००. मधलं पद उरलं असेल तर कंस सोडवताना चिन्ह चुकलं आहे. पुढे जाऊ नका, ती ओळ तपासा.

सर्वसाधारण रूप: क्ष² = य² + (२ × अंतर × य) ÷ फरक. फरक तासांतच हवा. २४ मिनिटं असतील तर ०.४.

‘वाऱ्याबरोबर ६०० किलोमीटर जायला जितका वेळ लागतो तितक्याच वेळात वाऱ्याविरुद्ध ४०० किलोमीटर’ हा प्रकार त्याहून सोपा आहे. वेळ समान, म्हणून वेगांचं गुणोत्तर ६०० : ४००, म्हणजे (क्ष + य) : (क्ष − य) = ३ : २. यावरून क्ष हा य च्या पाचपट. दोघांपैकी एक दिला असेल की काम झालं.

## पायरी ७: वारा आडवा असेल तर

इथे बेरीज-वजाबाकी पुरत नाही. समजा क्ष = ५०० आणि १४० चा वारा मार्गाला अगदी काटकोनात आहे. सवयीने पायथागोरस आठवतो आणि √(५००² + १४०²) असं लिहिलं जातं, उत्तर ५१९ च्या आसपास येतं. ते चूक आहे. वैमानिकाला ठरलेल्या रेषेवर राहायचं असतं, म्हणून तो विमानाचं नाक थोडं वाऱ्याकडे वळवतो. ५०० हा वेग त्या तिरक्या दिशेने असतो, म्हणजे त्रिकोणात कर्ण तोच. म्हणून

जमिनीवरचा वेग = √(५००² − १४०²) = √२,३०,४०० = ४८०

जातानाही ४८० आणि येतानाही ४८०. आडवा वारा दोन्ही बाजूंना वेळ खातो.

वारा तिरका असेल तर आधी त्याचे दोन भाग करा. १७५ चा वारा मागच्या बाजूने मार्गाशी सुमारे ५३ अंशांचा कोन करून येत असेल, तर मार्गाच्या दिशेचा भाग १७५ × ०.६ = १०५ आणि आडवा भाग १७५ × ०.८ = १४०. आडव्या भागाचा हिशेब आधी: ४८०. मग मार्गाचा भाग मिळवा: ४८० + १०५ = ५८५. परतीला तोच वारा: ४८० − १०५ = ३७५. आडवा भाग सोडून दिला तर ५०० + १०५ = ६०५ येतं, म्हणजे ताशी २० किलोमीटरची चूक.

पडताळा: तिरक्या वाऱ्यात जमिनीवरचा वेग क्ष + य पर्यंत कधीच पोहोचत नाही. इथे ती मर्यादा ६७५ आहे.

## पायरी ८: खऱ्या तिकिटावरून वेग काढताना

पुस्तकातल्या गणितात अंतर आणि वेळ तयार मिळतात. तिकिटावर मिळतात त्या फक्त घड्याळाच्या वेळा, आणि त्याही दोन वेगळ्या देशांच्या. क्रम असा ठेवा.

आधी घड्याळं जुळवा. लंडन हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेचार. समजा विमान हिवाळ्यात मुंबईहून दुपारी १ वाजता निघालं आणि लंडनच्या घड्याळात संध्याकाळी साडेपाचला पोहोचलं. दिसायला साडेचार तास, त्यात साडेपाच मिळवा: १० तास. परतीला सकाळी १० ला निघून मुंबईत रात्री साडेबाराला पोहोचलं. दिसायला साडेचौदा तास, त्यातून साडेपाच वजा: ९ तास. पश्चिमेकडे जाताना मिळवायचे, पूर्वेकडे येताना वजा करायचे. सुमारे ७,२०० किलोमीटरला साडेचार तासांनी भागून ताशी १,६०० आलं, तर घड्याळं जुळवायची राहिली आहेत.

मग जमिनीवरचा वेळ काढून टाका. तिकिटावरची वेळ दारातून निघाल्यापासून दाराशी लागेपर्यंतची असते. धावपट्टीकडे जाणं, रांगेत थांबणं सगळं त्यात येतं. दोन्ही बाजूंना अर्धा तास वजा केला तर ९.५ आणि ८.५ तास उरतात. वेग ७५८ आणि ८४७, म्हणून क्ष सुमारे ८०२ आणि य सुमारे ४५. वजा केलं नसतं तर क्ष ७६० आला असता. चढण्या-उतरण्यातला संथ वेगही या आकड्यात मिसळलेला आहे, आणि प्रत्यक्ष मार्ग सरळ अंतरापेक्षा लांब असतो. म्हणून उंचीवरचा विमानाचा वेग याहून जास्तच समजा.

खालचा वारा वर लावू नका. हिवाळ्यात उत्तर भारतावरून १० ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून जोरदार झोतवारा वाहतो. पावसाळ्यात तर जमिनीवर नैऋत्येचा वारा असताना द्वीपकल्पावर विमानांच्या उंचीला वारा पूर्वेकडून असतो. जून ते सप्टेंबरमध्ये अंगणातल्या वाऱ्यावरून मुंबई–चेन्नई विमानाचा अंदाज बांधाल तर चिन्हच उलटं येईल.

सीटसमोरच्या पडद्यावरचा वेग क्ष मानू नका. तो जमिनीवरचा वेग असतो, वारा त्यात आधीच धरलेला असतो. त्यात वारा पुन्हा मिळवू नका.

आणि आकडा मोठा दिसला म्हणून गणित खोडायचीही घाई नको. फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. अंतर सुमारे ५,५५० किलोमीटर, वेळ ४.९३ तास, म्हणजे जमिनीवरचा सरासरी वेग १,१२५. या विमानाचा हवेतला वेग सुमारे ९०० धरला तर सरासरी सव्वादोनशेचा वारा पाठीशी होता असं ढोबळमानाने निघतं. मध्ये काही काळ जमिनीवरचा वेग १,३०० च्याही वर गेला होता, समुद्रसपाटीवर आवाजाचा वेग असतो त्या १,२२५ पेक्षा जास्त. पण विमानाने आवाजाचा वेग ओलांडला नव्हता, कारण ती तुलना विमान ज्या हवेत उडतंय तिच्याशी करायची असते. त्या हवेत ते नेहमीच्याच वेगाने उडत होतं.